हरवलेल्या जवानाची डीएनएवरून ओळख: वंशावळीत नसलेल्या बायकांपासून सुरुवात करा

वंशावळ आहे का, असं विचारलं की बहुतेक घरांतून लगेच कागद निघतो. जमिनीच्या वारस नोंदीसाठी किंवा जातीच्या दाखल्यासाठी कधीतरी केलेला. वर मूळ पुरुष, खाली त्याचे तीन मुलगे, त्यांचे मुलगे. बाई एकही नाही. आणि मला हवी असते नेमकी बाईच: जो जवान परत आला नाही त्याची मावशी, बहीण, बहिणीची मुलगी.

माझी नोकरी डीएनएचे नमुने हाताळण्यात गेली. आता मुंबईतल्या सैनिकांच्या घरांना कागद जुळवायला मदत करतो. कुणाचा भाऊ, कुणाचा चुलता, कुणाचा आजोबा बेपत्ता आहे. अवशेष शोधणं कुटुंबाच्या हातात नसतं. सापडले तर जुळवायला नमुना तयार असणं मात्र हातात असतं, आणि तिथेच घरं कमी पडतात. म्हणून हा सविस्तर लेख.

आधी एक गैरसमज दूर करू. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या विमान अपघातानंतर डीएनए चाचणी घराघरात माहीत झाली. त्यात २६० माणसं गेली आणि काही दिवसांतच मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात जाऊ लागले. आपल्या मुंबईतही १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर नौदल गोदीत आयएनएस सिंधुरक्षक पाणबुडीवर स्फोट होऊन १८ नौसैनिक गेले, तेव्हा बाहेर काढलेले देह कुलाब्याला नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी या रुग्णालयात नेऊन नातेवाइकांच्या डीएनएशी जुळवावे लागले. पण दोन्हीकडे आई, वडील, मुलं हयात होती आणि अवशेष ताजे होते. जुन्या बेपत्ता जवानाचं तसं नसतं.

७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहकडे निघालेलं हवाई दलाचं एएन-१२ विमान १०२ जणांसह रोहतांगच्या परिसरात नाहीसं झालं. पहिले अवशेष हाती लागले २००३ मध्ये. त्यानंतर शोधमोहिमा होत राहिल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार देह मिळाले, म्हणजे ५६ वर्षांनी. सियाचीनवर मे १९८४ मध्ये हिमस्खलनात गाडले गेलेले ‘१९ कुमाऊँ’ पलटणीचे लान्स नायक चंद्रशेखर यांचे अवशेष ऑगस्ट २०२२ मध्ये मिळाले. त्यांच्या ओळखीच्या बिल्ल्यावर सैन्य क्रमांक शाबूत होता, आणि एएन-१२ मधल्या काहींच्या खिशात कागद टिकले होते, म्हणून नाव लागलं. ज्याच्या अंगावर ना बिल्ला ना कागद, त्याच्यासाठी उरतं फक्त रक्ताचं नातं. ५६ वर्षांनी आई नसते, वडील नसतात. परदेशात अशा वेळी आईची कबर उघडून नमुना घेता येतो. आपण दहन करतो, आणि चितेच्या आगीतून आलेल्या अस्थींमधून जुळवणीला सहसा काही मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडे जिवंत नातेवाईक हाच खजिना, आणि तो दरवर्षी घटतो.

नातं मराठीत मांडा, काम निम्मं होतं

इंग्रजीत सगळे कझिन. आपल्याकडे चुलतभाऊ, मावसभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ असे चार वेगळे शब्द आहेत, आणि कुणाचा नमुना चालेल हे त्या शब्दातच सांगितलेलं असतं. हरवलेल्या जवानाला घरात अण्णा म्हणत असं धरू.

डीएनए तीन वाटांनी तपासतात. पहिली वाट पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएची. तो अर्धा आईकडून, अर्धा वडिलांकडून येतो. ही सगळ्यात नेमकी वाट, पण ती चालते अगदी जवळच्यांपुरती: आई, वडील, स्वतःची मुलं, सख्खी भावंडं. भावंड एकच असेल तर पुरावा लंगडा राहतो. तिघं-चौघं असतील तर सगळ्यांचे नमुने द्या. अण्णाचा मुलगा नमुना देत असेल तर अण्णाच्या बायकोचाही घ्या. मुलात आईकडून काय आलं ते कळलं की उरलेलं अण्णाचं, ही वजाबाकी सोपी होते. तिचं अण्णाशी रक्ताचं नातं नाही म्हणून तिला बाजूला बसवून ठेवलेलं मी पाहिलं आहे.

अडचण अशी की पेशीत या डीएनएच्या प्रती दोनच असतात. पन्नास वर्षांच्या हाडात तो पुष्कळदा इतका तुटलेला असतो की वाचताच येत नाही. तेव्हा दुसरी वाट कामाला येते, मायटोकॉन्ड्रियल डीएनएची. हा छोटा, १६,५६९ अक्षरांचा, पण एकेका पेशीत शेकड्यांनी, हजारांनी प्रती. म्हणून जुन्या हाडातही काही ना काही उरतं. आणि तो फक्त आईकडून येतो. मुलाला मिळतो, मुलीलाही मिळतो, पण पुढे देते ती मुलगीच.

आता नाती लावून पाहा. अण्णाची आई, सख्खी भावंडं, मामा, मावशी, आईची आई: सगळ्यांचा हा डीएनए एक. मावसभाऊ, मावसबहीण: एक. बहिणीची मुलं, म्हणजे अण्णाचे भाचा-भाची: एक. मामेभाऊ मात्र नाही, कारण त्याला तो मामीकडून आला. आणि ऐकून घरं गप्प होतात ती गोष्ट: अण्णाच्या स्वतःच्या मुलाचाही नाही. त्याला तो त्याच्या आईकडून मिळाला. कागदोपत्री वारस मुलगा, पण या वाटेवर त्याच्यापेक्षा विरारला राहणारी अण्णाची मावसबहीण मोलाची. मावसबहिणीची मुलगी, तिचीही मुलगी, अशी साखळी बायकांमधून कितीही लांब गेली तरी चालते.

तिसरी वाट वाय गुणसूत्राची, बापाकडून मुलाकडे जाणारी. वडील, भाऊ, मुलगा, काका, चुलतभाऊ, पुतण्या, मुलाचा मुलगा. आतेभाऊ नाही, मामा नाही, भाचा नाही. तुमची ती पुरुषांची वंशावळ इथे कामाला येते, पण तिला एक मर्यादा आहे. सातारा-सांगलीकडच्या गावांत एकेका आळीत एकच आडनाव, एकच भावकी असते, आणि भावकीचा मूळ पुरुष एक असला की सगळ्यांचं वाय जवळपास एकच. एकाच गावची, एकाच आडनावाची दोन पोरं एकाच तुकडीत असतील तर वायवरून त्यांना वेगळं काढता येत नाही. त्यांच्या आया मात्र वेगवेगळ्या गावांतून आलेल्या असतात. पुन्हा बायकांकडेच येऊन थांबतो आपण.

व्हिएतनाम युद्धातल्या एका अमेरिकी वैमानिकाचं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. १९७२ मध्ये पडलेल्या मायकेल ब्लॅसीचे अवशेष १९८४ पासून अमेरिकेतल्या आर्लिंग्टन दफनभूमीच्या स्मारकात ‘अज्ञात सैनिक’ म्हणून पुरलेले होते. १९९८ मध्ये ते बाहेर काढले, आईकडचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए जुळला, आणि अज्ञाताला नाव मिळालं. स्मारकातल्या त्यांच्या कप्प्यात आज कुणीही नाही.

वंशावळ नव्याने काढा

एक मोठा कागद घ्या. मधोमध अण्णा. मग त्याच्या वर आधी आई, वडील नंतर. आईच्या शेजारी तिची भावंडं, मग आईच्या आईची. प्रत्येक बाईसमोर चार गोष्टी लिहा: माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव, आज तिची मुलंबाळं कुठे आहेत. लग्नात आपल्याकडे आडनाव बदलतंच, पुष्कळ ठिकाणी नावही बदलायचे. माहेरची कृष्णा सासरी सुशीला होते, आणि पन्नास वर्षांनी त्या दोघी एकच हे सांगणारं कुणी उरत नाही.

शोधायचं कुठे? जुन्या लग्नपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, गावच्या कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत कधी कधी बायकांची नावंही मिळतात. आणि सगळ्यात आधी घरातली सर्वांत म्हातारी बाई. तिच्याजवळ मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून बसा. प्रश्न कमी विचारा, तिला माहेरच्या लग्नांबद्दल बोलू द्या. कोण कुणाला दिली हे तिला तोंडपाठ असतं.

चाळीत वाढलेल्यांना एक विनंती. चाळीत सगळ्याच मावश्या आणि सगळेच काका. ‘मावशी आहे ना, समोरच्याच खोलीत’ असं सांगून एका घराने मला लालबागच्या ज्या बाईंकडे नेलं, त्या आईच्या मैत्रीण निघाल्या, रत्नागिरीकडच्या. प्रेम खरं होतं, डीएनए नव्हता. त्याच बाईंनी मात्र खऱ्या मावशीची मुलगी डोंबिवलीत कुठे राहते ते सांगितलं.

आता नाजूक भाग. दत्तक मूल, सावत्र भावंडं, नात्यातून आणून वाढवलेली पोर, हे सगळं आधी कळलं पाहिजे. सावत्र भाऊ वडिलांकडून सावत्र असेल तर, म्हणजे आई एक आणि वडील वेगळे असतील तर, तो मायटोकॉन्ड्रियलसाठी चालतो; उलट असेल तर वायसाठी. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत तुमच्यात असेल आणि घराण्यात तशी लग्नं झाली असतील तर तेही लिहून द्या, कारण नवरा-बायको आधीच नात्यातले असले की जुळण्याचं गणित बदलतं. चाचणीत कधी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही बाहेर येतं. त्यामुळे नमुना देणाऱ्याला चारचौघांत नाही, एकट्याला गाठून विचारा: यातून घरातलं काही उघड झालं तर चालेल का? नको म्हणणाऱ्यावर जबरदस्ती करू नका. दुसरं नातं शोधा.

कागद कुठे पाठवायचे

बेपत्ता जवानाची फाइल त्याच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. नौसैनिकांसाठी लांब जायला नको. ब्युरो ऑफ सेलर्स मानखुर्दच्या चीता कॅम्पला आहे. हवाई दलाच्या वायुसैनिकांची नोंद दिल्लीला सुब्रतो पार्कमध्ये. दार ठोठावायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय बरं पडतं, अर्ज तिथून पुढे गेला की त्याला वजन येतं.

पत्र एका पानाचं असावं. सैन्य क्रमांक, हुद्दा, पलटण, बेपत्ता झाल्याची तारीख, आलेल्या तारेची किंवा पत्राची प्रत. क्रमांक आठवत नसेल तर जुना पेन्शनचा कागद, मनिऑर्डरची पावती, पदकाची कड शोधा. बऱ्याच जुन्या पदकांच्या कडेवर क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. पत्रात स्पष्ट लिहा की खालील नातेवाईक डीएनए नमुना द्यायला तयार आहेत, आणि प्रत्येकाचं जवानाशी नेमकं नातं, वय, पत्ता. सोबत नवी वंशावळ जोडा. फाइलमधल्या किंड्रेड रोलवर, म्हणजे भरतीच्या वेळी भरून दिलेल्या नातेवाइकांच्या यादीवर, बहुधा आईवडिलांचंच नाव आणि गिरणगावातल्या एखाद्या चाळीचा पत्ता असतो. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, पत्र कुणाला मिळणार? पत्ता बदलून घेणं हेच कधी कधी अर्जाचं खरं काम.

वैद्यकीय नोंदीही मागा: उंची, रक्तगट, दातांची नोंद, जुनं फ्रॅक्चर. डीएनए एकटा काम करत नाही. हाडं पाहून वय आणि उंचीचा अंदाज आधी बांधतात, मगच जुळवणी. लहानपणी झाडावरून पडून अण्णाचा डावा हात मोडला होता, हे घरात कुणाला आठवत असेल तर तेही पत्रात लिहा.

आपल्याकडे बेपत्ता व्यक्तींच्या नातेवाइकांचे नमुने साठवणारी कायद्याने उभी केलेली देशव्यापी डीएनए बँक नाही. त्यासाठीचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. म्हणून नमुना आज दिला आणि निर्धास्त झालो, असं होत नाही. अवशेष सापडले की मागणी येते, आणि तेव्हा यादी तयार लागते. तोवर म्हातारी मावशी राहील याची खात्री नसेल तर एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, ओळखपत्र आणि दोन साक्षीदारांसह तिचा नमुना देऊन अहवाल काढून ठेवा. रक्ताचा थेंब खास कागदावर वाळवला तर साध्या तापमानातही वर्षानुवर्षं टिकतो. सरकारी जुळवणीच्या वेळी नवा नमुना मागतीलच, पण ती नसेल तेव्हा निदान विचारात घेण्यासारखं काही हाती राहील. ‘तुमचे पूर्वज कुठले’ सांगणारे घरबसल्या मागवायचे किट मात्र या कामाचे नाहीत. थुंकी कुणाची, याला साक्षीदारच नसतो.

नमुना देण्याचा दिवस

अधिकृत नमुना सरकारी रुग्णालयात, ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यासमोर घेतात. महाराष्ट्राच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचं मुख्य ठाणं सांताक्रूझला कलिन्यात आहे, पण घरच्यांनी तिथे जाऊन उभं राहायचं नसतं. सीलबंद पाकीट रीतसर पत्रासह जातं. अवशेष हिमाचलात लाहौलला मिळाले म्हणून मावशीला लाहौलला नेण्याचीही सहसा गरज पडत नाही.

आधी अर्धा तास खाणंपिणं नाही. पान नाही, तंबाखू नाही, मशेरी नाही. परळच्या एका आजींकडे आम्ही दुपारी पोचलो तेव्हा त्यांनी नुकतीच मशेरी लावली होती. तीन तांबे पाण्याने चुळा भरायला लावल्या, मग अर्धा तास बसून राहिलो. कापसाचा बोळा गालाच्या आतून घोळवत फिरवायचा, प्रत्येक गालाला अर्धा मिनिट. थुंकी नको असते; गालाच्या आतल्या पेशी हव्या असतात. दुसऱ्या गालाला दुसरा बोळा.

मग सगळ्यात महत्त्वाचं: तो हवेवर पूर्ण वाळू द्यायचा आणि कागदी पाकिटात घालायचा. प्लास्टिकमध्ये कधीच नाही. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात मी ही चूक केली. जुलै महिना, घाई, बोळा अर्धवट ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत सील केला. आठवड्याने उघडला तर काळी बुरशी. पुन्हा गेलो तर बाई गणपतीला देवगडला गेलेल्या, त्या परतल्या दिवाळीनंतर. चार महिने एका पिशवीपायी.

देणाऱ्याला रक्त चढवलं असेल किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर आधी सांगा. प्रत्यारोपण झालेल्याच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो. पाकिटावरचं नाव, नातं, तारीख स्वतः वाचून मगच सही करा. एकाच घरातल्या तिघांचे नमुने एका वेळी घेतले की अदलाबदल होऊ शकते, आणि ती वर्षभराने कळते.

घरातल्या वस्तू

अण्णाचा स्वतःचा डीएनए घरात असू शकतो. जपून ठेवलेला दुधाचा दात, ताईतात बांधलेली वाळलेली नाळ, डबीतलं जावळ. मुळं नसलेल्या केसांतूनही मायटोकॉन्ड्रियल मिळू शकतो. थुंकी लावून चिकटवलेलं पत्राचं पाकीट हाही नमुनाच, फक्त ते त्यानेच चिकटवलं की पलटणीतल्या दोस्ताने, हे कोण सांगणार. यातलं काहीही धुऊ नका, पुसू नका, कागदी पाकिटात ठेवा. आणि कृपा करून पत्रं लॅमिनेट करू नका. मुंबईत प्रत्येक झेरॉक्सवाला लॅमिनेशन करून देतो आणि माणसं प्रेमापोटी पत्र त्या तापलेल्या रोलरमधून काढतात. आईचं किंवा मावशीचं कधी गाठीचं ऑपरेशन झालं असेल तर त्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीत मेणात बसवलेला ऊतीचा ठोकळा शिल्लक आहे का विचारा. ऊती टिकवायला वापरलेल्या फॉर्मालिनने डीएनए खराब होतो, तरी थोडाफार मिळू शकतो.

प्रयोगशाळेत काय होतं, आणि अहवाल कसा वाचायचा

हाड म्हणजे सहसा मांडीचं, किंवा कानामागचा कवटीचा टणक भाग, किंवा दाढ. वरचा थर घासून काढतात, कारण शोधणाऱ्यांचा, उचलणाऱ्यांचा डीएनए त्यावर बसलेला असतो. मग भुकटी, मग त्यातलं कॅल्शियम विरघळवणं, मग डीएनए वेगळा करणं. थंडीत तो टिकतो, म्हणून हिमनदीतले अवशेष वाचता येण्याची आशा जास्त. उष्ण, दमट जंगलातले किंवा समुद्रातले अवघड. तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ विमान २२ जुलै २०१६ ला २९ जणांसह बेपत्ता झालं. त्याचे अवशेष जानेवारी २०२४ मध्ये बंगालच्या उपसागरात सुमारे ३,४०० मीटर खोल दिसले. इतक्या खोलवरून काही वर आणणं ही वेगळीच लढाई.

अहवालात ‘हा तोच’ असं वाक्य शोधू नका. मायटोकॉन्ड्रियल जुळला तर लिहितात: या मातृवंशातली व्यक्ती म्हणून वगळता येत नाही. हे वाचून घरं खचतात. खचू नका, पण नाचूही नका. मायटोकॉन्ड्रियलचे काही प्रकार हजारोंत असतात, काही अगदी विरळ, म्हणून तुमच्या घराचा प्रकार किती विरळ आहे हे विचारा. जुळला नाही तर मात्र उत्तर बहुधा पक्कं असतं: तो हा नव्हे. केंद्रकातला डीएनए मिळाला असेल तर एक आकडा दिलेला असतो. हा अण्णा असेल तर असा निकाल येण्याची शक्यता, भागिले कुणी परका असेल तर तोच निकाल येण्याची शक्यता. आकडा दहा आला तर फार काही नाही, दहा लाख आला तर खूप. विमानातल्या शंभर जणांपैकी एक शोधायचा असेल तर अख्ख्या देशातून शोधण्यापेक्षा कमी पुरावा पुरतो, म्हणून प्रवाशांची यादी जुळवणीत धरली का, हेही विचारा.

नातेवाइकांचे नमुने नसले की काय होतं ते पंजाबात अजनाल्याला दिसलं. १८५७ मध्ये मारलेल्या सैनिकांचे सांगाडे २०१४ मध्ये तिथल्या विहिरीतून निघाले. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेसह शास्त्रज्ञांनी दातांचा अभ्यास करून २०२२ मध्ये दाखवलं की ही माणसं गंगेच्या खोऱ्यातली. इतपतच. गाव नाही, नाव नाही. जुळवायला समोर कुणी नव्हतं.

अवशेष मिळाले तर

बहुतेक वेळा पूर्ण देह नसतो. उत्तर कोरियाने २०१८ मध्ये अमेरिकेला ५५ पेट्या दिल्या, त्यात अडीचशेच्या आसपास माणसांचे तुकडे निघाले. तसं आपल्या बाबतीत झालं तर पुढे आणखी एखादं हाड जुळल्यावर कळवायचं की नाही, हे घराने आधी ठरवून लेखी द्यावं. कुणाला प्रत्येक वेळी कळायला हवं असतं, कुणाला एकदा अग्नी दिल्यावर पुन्हा फोन नको असतो. भाऊ आणि बायको यांचं मत वेगळं असतं, त्यामुळे हे बोलणं स्मशानात नव्हे, त्याआधी व्हावं.

कित्येक घरांनी पूर्वीच दर्भाचा पुतळा करून पालाशविधी केलेला असतो. आता पुन्हा संस्कार करायचे का, हे भटजींना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, प्रयोगशाळेला त्याचं काही नाही. कागदांचं मात्र बघावं लागतं. सात वर्षं काहीच खबर नसेल तर मृत्यू गृहीत धरण्याची तरतूद आहे, पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये. त्या आधारे तुमच्याकडे आधीचा मृत्यूचा दाखला असेल आणि नव्या कागदांवर दुसरी तारीख पडली, तर पेन्शनपासून खोलीच्या नावापर्यंत सगळीकडे दोन तारखा होतात. अवशेष ताब्यात घेताना जुन्या दाखल्याची प्रत सोबत न्या आणि तारीख कुठली लागणार ते सही करण्यापूर्वी विचारा.